गव्हाणींतील मूठभर कडबा

सन १९७२ चा नाताळ माझ्या स्मृतींतून कधींच जात नाहीं. त्या वर्षीं पावसानें महाराष्ट्राकडे पाठ फिरविली होती. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील आमच्या खेड्यांत विहिरी आटल्या होत्या. शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते आणि घरोघरीं तांबड्या मिलोच्या भाकरी भाजल्या जात होत्या.

दरवर्षीं आम्ही बहीणभाऊ ओसरीवर ख्रिस्तजन्माचा देखावा मांडीत असूं. संत फ्रान्सिस यांनीं १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो या गांवीं गव्हाण, गवत व जनावरें आणून असा देखावा उभा केला, ही हकीकत बाबांनींच आम्हांस सांगितली होती. परंतु त्या वर्षीं ते म्हणाले, "जनावरें उपाशी असतां शोभेसाठीं कडबा वापरणें बरें नव्हे." बाळ येशूची मातीची मूर्ति उघड्या फळीवरच ठेवावी लागली. मी हिरमुसलों.

नाताळच्या सकाळीं ख्रिस्तमंदिरांतून परतल्यावर आईनें करंज्या काढल्या. एरवीं डबा भरून होत. त्या वर्षीं अवघ्या नऊ होत्या. त्यांतील पांच ताटांत ठेवून तिनें तें माझ्या हातीं दिलें. "शेजारच्या आजींना देऊन ये."

मी म्हणालों, "आपल्यालाच पुरत नाहींत. शिवाय हा त्यांचा सण नाहीं."

आई शांतपणें म्हणाली, "देवाला पुत्र किती होते रे? एकच ना? तरी त्यानें दिलाच."

मी रागानेंच निघालों आणि वाटेंत एक करंजी खाऊन टाकली.

आजींना चार नातवंडें होतीं. त्यांनीं प्रत्येकाच्या हातावर एकेक करंजी ठेवली. ताट रिकामें झालें. पांचवी करंजी कोणासाठीं होती, हें मला तेव्हां कळलें!

आजींनीं विचारलें, "तुमचा देव गोठ्यात जन्मला म्हणतात, ते खरं का?" मी मान हालविली. त्या उठून गोठ्यांत गेल्या. बैल मागेंच विकले गेले होते. गव्हाणीच्या कोपऱ्यांत राहिलेला मूठभर कडबा त्यांनीं आणून ताटांत ठेवला. "घरात दुसरं काही नाही, लेकरा, पण ताट रिकामं पाठवू नये. बाळाच्या अंगाखाली घाल."

घरीं येऊन मीं रडत रडत सारें सांगितलें. आई रागावली नाहीं. तिनें आपल्या वाट्याची करंजी ताटांत ठेवून मला पुन्हां पाठविलें. आजींची क्षमा मागतांना मला जी लाज वाटली, तिनें मला पुष्कळ शिकविलें. तो कडबा बाबांनीं स्वहस्तें मूर्तीखालीं पसरला, आणि सण सरल्यावर एका भुकेल्या गाईस घातला.

विद्यार्थिमित्रहो, 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ जन्म. संत लूकाच्या शुभवर्तमानाप्रमाणें या जन्माची वार्ता प्रथम रानांतील मेंढपाळांस मिळाली, आणि ती त्यांनीं आपल्यापाशीं दडवून ठेविली नाहीं. आपणही हा आनंद शेजाऱ्याच्या दारीं न्यावा. मात्र दाता म्हणून ताठ मानेनें नव्हे. उतारशाळेंत ज्यास जागा मिळाली नाहीं, त्याच्यासाठीं आजींच्या रित्या गोठ्यांत कडबा होता. त्या दिवशीं मी देण्यास गेलों होतों. परंतु परत आलों तो घेऊनच.