मेलेल्या सवतीचा धाक

दाफ्ने द्यू मोरिए यांची ‘रेबेका’ पुन्हा वाचली. कादंबरी १९३८ची, पण पकड अजून सुटत नाही. निवेदिकेला नावच दिलेलं नाही. मॅक्सिम डी विंटरची पहिली बायको रेबेका वारल्यावर त्याची नवी नवरी म्हणून ती त्याच्या मँडर्ली या वाड्यात येते आणि घरातला फोन वाजतो. मिसेस डी विंटर आहेत का, असं विचारलं जातं आणि ही सांगून मोकळी होते, त्या तर वर्षापूर्वीच वारल्या! हातून चिनीमातीची मूर्ती फुटते, तेव्हा घरची मालकीण असून तुकडे ड्रॉवरमध्ये लपवते. ना भूत, ना रक्त. नुसत्या न्यूनगंडातून उभी केलेली भीती. हेच पुस्तकाचं बळ.

उत्तरार्धात मात्र गाडी घसरते. मॅक्सिमने रेबेकाला गोळी घातली हे कळल्यावर निवेदिकेला हायसं वाटतं, कारण त्याचं रेबेकावर प्रेम नव्हतं! मनाचं हे वळण भयंकर आणि अस्सल. पण लेखिका तिथे रेंगाळत नाही. चौकशी, ब्लॅकमेल आणि डॉक्टरचा ऐनवेळचा खुलासा यांतच पानं खर्ची पडतात. रेबेकाला कर्करोग होता, म्हणजे आत्महत्येला कारण मिळालं; ही मॅक्सिमची फारच सोयीस्कर सुटका. हिचकॉकच्या १९४०च्या चित्रपटात तर सेन्सॉरपायी खुनाचा अपघात झाला. कादंबरी निदान खून कबूल करते, आणि वर खुनी सुटावा असं आपल्यालाही वाटायला लावते. याची मला चीड येते, कौतुकही वाटतं.