हात हाच टूलपोस्ट

लोखंडाच्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये आवळून बसवतात. हँडल फिरवलं की डायलवरच्या आकड्याइतकंच ते सरकतं. लाकडाच्या लेथवर असते नुसती टेकणी. तिच्यावर पटाशी ठेवायची आणि हातानं धरायची. पिंपरीच्या पट्ट्यात टर्नर म्हणून सारी नोकरी काढलेल्या एका गृहस्थांनी निवृत्तीनंतर घरी लहान लेथ आणला, तेव्हा हा फरक त्यांना किरकोळ वाटला होता. माइल्ड स्टील शतांश मिलिमीटरात बसवणाऱ्याला सागाचं लाटणं म्हणजे काय!

लाटणं झालंही. देव्हाऱ्याचे खांब झाले. साग धार फार लवकर खातो, त्यात सिलिका असते, तेही अंगवळणी पडलं. गाडं अडलं ते स्क्यू नावाच्या पटाशीपाशी.

स्क्यूची धार तिरकी. कापायचं ते आखूड टोकाकडच्या भागानं, आणि धारेमागचा उतार सतत लाकडावर टेकलेला हवा. लांब टोक चुकून लागलं की जॉबवर सर्रकन मळसूत्री चर उमटतो. असं का व्हावं, याचा हिशेब गृहस्थांनी कारखान्याच्या सवयीनं मांडून ठेवला आहे. ५० मिलिमीटर व्यासाचा तुकडा मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर धारेखालून मिनिटाला ३१४ मीटर लाकूड जातं. हायस्पीड स्टीलच्या हत्यारानं माइल्ड स्टील कापताना हाच आकडा ३०च्या आसपास असतो. एक फेरी सेकंदाच्या तीन शतांशात संपते. डोळ्याला दिसून हात हलेपर्यंत निदान सहा फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. म्हणजे चूक सुधारायला वेळच नाही, ती होऊच द्यायची नाही. हिशेब चोख आहे. चर पडायचे थांबलेले नाहीत.

मग स्क्यूचाच हट्ट कशाला? पॉलिश पेपर तंतू खरवडतो, स्क्यू ते कापतो. नीट चालला तर लाकडाला आपोआप चमक येते. भोवरा हातात घेऊन बोट फिरवणाऱ्यानं ‘पेपर कुठला मारला?’ विचारावं आणि आपण ‘मारलाच नाही’ म्हणावं, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप, हे गृहस्थ मोकळेपणानं कबूल करतात. ऐटच आहे ती.

त्या ऐटीला मतंही चिकटली आहेत. सावंतवाडीची चितार आळी आणि कर्नाटकातलं चन्नपट्टण यांच्याविषयी ते हात जोडून बोलतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते. चन्नपट्टणात त्यावर केवड्याच्या जातीचं पान दाबून झिलई काढतात. याउलट कार्बाइडच्या टिकल्या लावलेली तयार हत्यारं वापरणारे हौशी लोक त्यांच्या लेखी कातारी नव्हेतच. ‘टेकणीवर आडवं धरा आणि पुढे ढकला, यात हात कुठे आला?’ कार्बाइडच्याच टिपांवर ज्यांचा संसार चालला, त्यांनी हे म्हणावं! ब्रिटिश डिझायनर डेव्हिड पाय यांनी १९६८च्या पुस्तकात कारागिरीचे दोन प्रकार सांगितले: निकाल आधीच पक्का असलेली आणि शेवटपर्यंत जोखमीची. पाय स्वतः कातकाम करत. त्या वर्गवारीत आपल्या नोकरीचा बराचसा भाग कुठे पडतो, हे कळल्यावर गृहस्थ दोन दिवस घुश्शात होते.

यंदा उजवा हात कापू लागला. वयाचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. टर्नरचं डोकं ताबडतोब चाललं: पटाशी धरायला एक सरकती चौकट केली. चर थांबले. मणीही एकसारखे पडू लागले, इतके एकसारखे की ते कारखान्यातले वाटायला लागले. चौकट काढून ठेवली.

सुटीत इमारतीतली एक नववीतली मुलगी शिकायला येऊ लागली. तिनं स्क्यू पेनासारखा सैल धरला आणि थोड्याच दिवसांत स्वच्छ मणी उतरवला. सैल धरावं, हे प्रत्येक कातारी सांगतो. यांनाही माहीत होतंच. पण जॉब दणकट आवळण्यात वय गेलेल्या मुठीला ते पटत नाही, आणि आवळलेल्या मुठीतला कंप थेट धारेत उतरतो. ‘आजोबा, तुम्ही त्याला धरून का ठेवता, तो कुठे पळतोय?’ असं तिनं विचारलं, तेव्हा कौतुकाआधी मनात असूया आली. तिच्या मण्यावर त्यांनी व्हर्निअर लावून पाहिला. दोष सापडला नाही.

आता तिला वाडगा करायचा आहे आणि त्यासाठी कार्बाइडचंच हत्यार हवं आहे. ते मागवलंय. ऑर्डर मात्र मुलाच्या नावानं आहे.