कडेची जाडी

सेवानिवृत्तीनंतर थेस्सालोनिकीच्या या घरात दिवसाचा जो दीर्घ आणि निरुद्योगी भाग पदरी पडतो, तो घालविण्याची एक तजवीज म्हणून मी कैलासवासी सासूबाईंचे लाटणे हाती घेतले. परंतु गेल्या हिवाळ्यापासून उजव्या हाताचा अंगठा आखडू लागला, आणि ज्या विद्येवर माझा सारा तोरा उभा होता, ती फिलोची पारी मनासारखी उतरेनाशी झाली.

पीठ मळणे, मुरविणे, वर पिठी भुरभुरणे यांविषयी जाणत्यांना काय सांगावे? खरी अडचण आहे ती कडेची. त्या लांब, सडपातळ लाटण्यावर पारी गुंडाळून दोन्ही तळवे मध्यापासून टोकांकडे सरकवीत नेताना, शेवटच्या दोन बोटांच्या रुंदीत दाब नेमका सुटतो, कड जाड राहते आणि भट्टीतून कच्चट निघते. हट्टाने पुन्हा दाब द्यावा, तर खालच्या फळीच्या रेषा दिसाव्यात इतका विरळ झालेला मध्यभाग फाटतो. तळव्याने दाबावे की बोटांच्या मुळांनी, पारी पाव वळण फिरवावी की अर्धे, या प्रश्नांचे दफ्तर मी रात्री अंथरुणातही चाळीत असतो.

शेजारीपाजारी गोठविलेल्या पाऱ्यांची पाकिटे बिनदिक्कत आणतात; त्या पाऱ्या कडेपासून कडेपर्यंत एकसारख्या असतात, आणि त्यांचे नीरसपण तेथेच आहे. शहरांना असल्या गुळगुळीत नजाकतीची ओढ जुनीच: मुसाकावर फ्रेंच धाटणीचा बेशामेल चढविणारे पाकशास्त्री निकोलाओस त्सेलेमेंतेस 1958 साली निवर्तले, तरी शहरी स्वयंपाकघरांतील त्यांची हुकमत अद्याप उतरलेली नाही. एपिरसच्या डोंगरांत, जेथे गास्त्राच्या धातूच्या झाकणावर निखारे रचून पीता, म्हणजे सारण भरलेली पारी, भाजीत असत, तेथील पारीला असल्या नागर नजाकतीची मातब्बरी वाटली नसती.

सासूबाई त्याच मुलखातल्या, आणि त्यांची पारी चांगली जाडसर असे, दातांखाली स्वतःची चव सांगणारी. ती मी पातळ करीत गेलो तो केवळ पाहुण्यांनी वाहवा करावी म्हणून. खिडकीच्या उजेडात धरून दाखविण्याची हौसही मी भागवून घेतली. आता अंगठ्याच्या मर्जीने पारी पुन्हा जाड झाली आहे. परवा पालक, शेपू आणि फेता भरलेली तसलीच स्पानाकोपिता पत्नीने दुसऱ्यांदा वाढून घेतली, तेव्हा मला समाधान वाटावयास हवे होते. वाटली ती नाराजी, कारण माझ्या त्या पारदर्शक पाऱ्या तिने इतकी वर्षे निव्वळ भिडेखातर खाल्ल्या असाव्यात, अशी शंका मनात आली, आणि तिची खातरजमा करून घेण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.