उणं गेलं, अधिक उरलं

आमच्या घरात गेली पंचवीस वर्षं लिथियम आहे. मोबाईलमधलं नव्हे, ते नंतर आलं. हे धाकट्या भावाच्या गोळीतलं. "लिही रे दादा, त्यात लपवायचं काय?" असं तोच म्हणाला, म्हणून लिहितोय. कधी तीन-तीन रात्री झोप नाही, डोक्यात पन्नास बेत, हातातला पैसा उधळून मोकळा. आणि मग दोन-दोन महिने अंथरुणातून उठणं नाही. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांनी हे पाहिलंय. काहींनी नावंही ठेवली. असो.

परवा भावजय म्हणाली, "दादा, लिथियम म्हणजे धातू ना हो? इतकी वर्षं पोटात जातोय, साठत नसेल?" मी बी.ए. मराठीवाला. पण मास्तरला सगळं येतं ही समजूत मोडवेना, म्हणून नातवाचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसलो.

लिथियमचा अणुअंक 3. केंद्रकात तीन प्रोटॉन, बाहेर तीन इलेक्ट्रॉन: दोन आतल्या कवचात आणि एक बाहेरच्या कवचात एकटाच. हा एकटा निघून गेला की तीन धन, दोन ऋण; हिशेबाला एक धन उरतो. झाला धन आयन. मला गंमत वाटली ती चिन्हाची. काही मिळवलेलं नाही, उलट गमावलंय, तरी नावापुढे अधिक! कारण जे गेलं तेच उणं होतं.

हा अणू इलेक्ट्रॉन 'सहज देऊन टाकतो', त्याला हेलियमसारखं द्विक 'हवं असतं', असं मुलांना सांगतात. आम्ही मराठीवाले याला चेतनागुणोक्ती म्हणतो. अणूला कसलं हवं-नको? तो इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलामागे सुमारे 520 किलोज्यूल ऊर्जा मोजावी लागते. ती भरून निघते पुढे, पाण्याचे रेणू किंवा ऋण आयन त्याच्याभोवती गोळा होतात तेव्हा. म्हणून व्यवहार परवडतो. दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर सुमारे 7300, म्हणजे चौदा पट! तो केंद्रकाला अगदी चिकटून असतो. एवढा खर्च कुठलीच नेहमीची रासायनिक क्रिया भरून देत नाही. म्हणून लिथियमवर एकच अधिक, दोन कधीच नाहीत. आणि बाहेरचं कवचच गेल्यामुळे त्रिज्या जवळजवळ निम्मी होते.

आता धातू आणि आयन यांचा स्वभाव पाहा (घ्या, मीही चेतनागुणोक्तीच केली). धातू पाण्यात टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे सोडत सुटतो. ती सगळी खळबळ त्या एका इलेक्ट्रॉनच्या जाण्याची. गोळीतल्या लिथियम कार्बोनेटमध्ये ते जाणं केव्हाच होऊन गेलेलं असतं. पोटात धातू जातच नाही. हे मीठ आपल्या कामाचं आहे हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड या डॉक्टरांनी 1949 मध्ये मांडलं.

पण म्हणून ते निरुपद्रवी नव्हे. हा आयन मिठातल्या सोडियमच्या आयनासारखाच, एकच अधिक असलेला. मूत्रपिंडाला दोघांत नीट फरक करता येत नाही. अंगातलं मीठ कमी पडलं, जुलाब झाले, पाणी कमी प्यायलं, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. रक्तातलं प्रमाण साधारण लिटरमागे 0.6 ते 1 मिलिमोल असावं लागतं; दीडच्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. भावाचे अळणी रविवार डॉक्टरांनी बंद केले ते यासाठीच. आई असती तर तिला हे पटवताना माझी पुरेवाट झाली असती. नियमित रक्ततपासणीही त्याचसाठी, आणि दुखण्यावरची गोळी परस्पर न घेण्याचा दंडकही.

भावजयीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे लोणचं चालेल ना त्यांना?"

डॉक्टरांना फोन करून विचारलं. रोज जेवढं मीठ पोटात जातं तेवढंच जाऊ द्या, एकदम कमी नको आणि एकदम जास्तही नको, असं म्हणाले. फोड एकच वाढायची असं ठरलंय.