एकांताची भाकरी

इंग्रजीतला ‘अलोन’ हा शब्द दिसायला एकसंध असला तरी मुळात ते जोडकाम आहे. ‘ऑल’ आणि ‘वन’, म्हणजे अगदी पुरता एक. मध्ययुगातल्या इंग्रजीत हे दोन शब्द सुटे लिहीत. जिभेवर घोळता घोळता ते एकमेकांना चिकटले. मग पुढच्या पिढ्यांना त्यातला ‘अ’ उगाच लावलेला वाटला, म्हणून त्यांनी तो खुडून टाकला आणि ‘लोन’ उरला. त्यालाच पुढे शेपूट लागून ‘लोन्ली’ झाला. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’मध्ये तो भेटतो तेव्हा त्यात रडकेपणा नाही. एकट्याने निघालेला, इतकाच त्याचा अर्थ. हुरहूर, ओकंबोकं घर, न वाजणारा फोन हे सगळं त्याच्या गळ्यात नंतर पडलं.

वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची कविता आपल्यातल्या कितीतरी जणांनी शाळेत घोकलेली आहे. ते फूल वर्गातल्या कुणी पाहिलेलं नसायचं, बाईंनीसुद्धा नाही. पहिल्याच ओळीत ढगासारखा एकटा भटकणारा कवी येतो. बिचारा दुःखी असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. ढगाला कसलं आलंय दुःख? तो नुसता सुटा होता.

आणि कवी तर सुटाही नव्हता.

१५ एप्रिल १८०२, गुरुवार. इंग्लंडच्या उत्तरेला उल्सवॉटर नावाचा तलाव आहे. त्याच्या काठाने त्या दिवशी दोन माणसं चालत होती, विल्यम आणि त्याची बहीण डोरोथी. तिने त्या दिवसाची नोंद करून ठेवली आहे. ती वाचताना आपल्याही कानात वारा शिरतो. वारा असा पिसाटलेला की परत फिरावं असं दोघांना वाटलं. आधी एका नावघरात थांबले, मग एका काटेरी झुडपाच्या आडोशाला. पुढे पाण्याला लागून थोडी डॅफोडिल्स दिसली, मग आणखी, मग काठाकाठाने रस्त्याएवढ्या रुंदीचा पट्टाच. काही फुलं दमून दगडांवर डोकं टेकवून पडली होती, उशीवर टेकवावं तशी. बाकीची डुलत, झुलत, नाचत होती.

हे ‘नाचत’ डोरोथीचं आहे. फुलांनी दगडाची उशी करणंही तिचंच, आणि मला विचाराल तर कवितेतल्या कुठल्याही ओळीपेक्षा ते जास्त खरं आहे.

संध्याकाळी दोघं भिजून एका खानावळीत पोचली. मालकीणबाईंचा चेहरा आंबट होता, पण तो त्यांचा स्वभावच, असं डोरोथी समजूतदारपणे लिहिते. हॅम आणि बटाटे असं झकास जेवण मिळालं. विल्यम शेकोटीशी बसला, खिडकीच्या कोपऱ्यात रचलेल्या पुस्तकांतून काँग्रीव्हच्या नाटकांचा एक खंड काढून आणला. गरम पाण्यातून रम घेतली. मजा आली, लिहिते डोरोथी, आणि मेरी हवी होती असं वाटलं.

ही मेरी म्हणजे विल्यमची वाग्दत्त वधू. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचं लग्न झालं. कविता लिहिली गेली १८०४ मध्ये आणि छापली गेली १८०७ मध्ये. तिच्यात बहीण नाही, झुडूप नाही, रम नाही. आहे तो फक्त ‘मी’. शेवटी हा मी घरी कोचावर पडलेला असताना मनाच्या डोळ्यांपुढे ती फुलं चमकतात आणि एकांताचं सुख म्हणजे काय ते कळतं. कवितेतल्या सर्वोत्तम दोन ओळी त्याच, असं खुद्द वर्ड्सवर्थ म्हणत असे, आणि त्या मेरीने सुचवल्या होत्या हेही त्यानेच सांगून ठेवलं. म्हणजे पाहणं बहिणीच्या सोबतीने, नाचणं बहिणीच्या वहीत, आणि एकांत हा शब्द बायकोकडून आलेला.

वर्ड्सवर्थला खोटं पाडायची मला हौस नाही. कवितेतला एकटेपणा हा हजेरीपटाचा विषय नव्हे. तरी त्या घरातल्या दोन बायका कवितेतून अशा अलगद उठून गेल्यात की मला त्यांचीच वाट पाहावीशी वाटते.

मराठीतला एकांत याबाबतीत जास्त मोकळा आहे. तो दोघांचाही असतो. नव्या जोडप्याला एकांत मिळावा म्हणून दोन खोल्यांच्या घरातली सासू नातवंडांना घेऊन शेजारी जाऊन बसते, आणि कुणालाही ते नवलाचं वाटत नाही. एकटा, एकटदुकट, एकाकी, एकलकोंडा, सडाफटिंग अशी सगळी भावकी आपल्याकडे आहे, पण त्यात मान फक्त एकांताला. कारण तो कुणाच्या वाट्याला आपोआप येत नाही. कुणीतरी उठून जावं लागतं, दार ओढून घ्यावं लागतं, खालून भाकरी पाठवावी लागते.

भाकरी म्हटलं की जिजाई आठवतेच. तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. झाडावेलींशी सोयरीक सांगणारा त्यांचा अभंग आपण गातो, पण दुपार झाली की सोयऱ्यांपैकी कुणी जेवू घालत नसे. जिजाई, लोकांच्या तोंडची आवली, भाकरी बांधून डोंगर चढायची. तिच्या पायात काटा मोडला आणि ज्याचं नाव काढून ती बोटं मोडायची त्या विठ्ठलानेच येऊन तो काढला, अशी कथा आहे. कीर्तनात आवली कजाग करून रंगवतात, मंडप हसतो. उन्हात डोंगर चढणारीला कजाग म्हणायला बसलेल्यांचं काय जातं?

अमेरिकेतल्या थोरोचं नाव या संदर्भात हटकून निघतं. तो वॉल्डन तळ्याकाठी १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षं राहिला, पण घर होतं काँकर्ड गावात, पायी जाण्याच्या अंतरावर, आणि जमीन होती मित्राची, इमर्सनची. त्याचे कपडे आई धूत असे म्हणून हल्ली त्याची फार टर उडवतात. मला ती टर पटत नाही. त्याने काही लपवलं नव्हतं. त्या मुक्कामावरच्या त्याच्या पुस्तकात ‘एकांत’ हे प्रकरण संपलं की लगेच पुढचं प्रकरण पाहुण्यांवर आहे.

ज्यांना असं उठून तळ्याकाठी जाता येत नाही त्यांचं काय, हे व्हर्जिनिया वुल्फने विचारलं. केंब्रिजच्या दोन महिला महाविद्यालयांत १९२८ मध्ये तिने दिलेल्या व्याख्यानांतून ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक झालं, ते १९२९ मध्ये निघालं. बाईला लिहायचं असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लावता येईल अशी खोली हवी. एकांताचा असा रोकडा हिशेब तोवर कुणी इतक्या स्पष्टपणे मांडला नव्हता, असं मला वाटतं. गंमत म्हणजे पुस्तकातल्या निवेदिकेला हे पाचशे पौंड मिळतात ते एका मावशी-आत्याच्या वारसाहक्कातून, आणि ती बाई मेलेली असते मुंबईत, हवा खायला निघालेली असताना घोड्यावरून पडून! पात्र काल्पनिक आहे, पण इंग्लंडातल्या एका बाईच्या खोलीला कुलूप लागावं म्हणून पैसा आमच्या मुंबईच्या वाटेने येतो, हे वुल्फने सहज लिहिलेलं नसणार.

मी सकाळी लिहायला बसते तेव्हा माझ्याही खोलीचं दार लोटलेलं असतं. साडेनऊला बेल वाजते. मावशी येतात, ओट्याशी उभ्या राहून तिथूनच विचारतात, “ताई, वांगी करू की कालची मटकी संपवायची?” मी मानेनेच काहीतरी खुणावते. त्या बरोबर ओळखतात आणि फोडणीच्या आधी माझं दार नीट ओढून घेतात, ठसका लागू नये म्हणून. त्यांच्या घरी पाच माणसांत एक खोली आहे.

वुल्फच्या घरी नेली बॉक्सॉल नावाची स्वयंपाकीण होती, १९१६ पासून. दोघींची भांडणं व्हर्जिनियाच्या डायरीभर पसरलेली आहेत. नेली नोकरी सोडते म्हणायची, मग राहायची, बाई काढून टाकते म्हणायच्या, मग ठेवायच्या. स्वतःच्या खोलीवरचं ते पुस्तक बाजारात आलं त्याच हिवाळ्यात असाच एक खटका उडाला. व्हर्जिनिया बोलायला म्हणून नेलीच्या खोलीत गेली, आणि नेलीने तिला माझ्या खोलीतून चालत्या व्हा म्हणून सांगितलं. व्हर्जिनियाला तो अपमान फार झोंबला, तिने तो डायरीत लिहून ठेवला. पुस्तकाची मात्र त्या क्षणी तिला आठवण झाली असावी असं दिसत नाही. अखेर १९३४ मध्ये नेलीला तिने काढून टाकलं. नेलीचं काही अडलं नाही. चार्ल्स लॉटन आणि एल्सा लँचेस्टर या नट-नटीच्या घरी तिला स्वयंपाकाचं काम मिळालं.