कुंडलिकेच्या काठी एक रात्र

जानेवारीतल्या एका शनिवारी कोलाडला नदीकाठी तंबूत राहायचं ठरलं, तेव्हा माझ्या सासूबाईंनी विचारलं, "घराला छप्पर असताना तंबू कशाला?" मी म्हटलं, "अम्मी, एकच रात्र." खरं कारण त्यांना ठाऊक होतं. पुढे काही बोलल्या नाहीत, उलट कोंबडीला लावायचा मसाला स्वतः वाटून दिला.

आम्ही पाच जणी बी.एड.च्या वर्गापासूनच्या. सगळ्या शिक्षिका. वर्षातून एकदा कुठेतरी जायचं, हे आमच्यातल्या एकीनेच सुरू केलं होतं. तीच सगळ्यांकडून पैसे जमवायची, तीच गाडी ठरवायची. तिच्या पतीचं अचानक निधन झालं आणि हे थांबलं. इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपूनही वर्ष उलटलं, तरी ती शाळा आणि घर याशिवाय कुठे जाईना. शेवटी आपांनी, म्हणजे आमच्यातल्या सर्वांत थोरलीने, तिला न विचारताच जागा ठरवून टाकली.

कुंडलिकेचं एक नवल आहे. उन्हाळा जवळ आला की कोकणातल्या कितीतरी नद्या बारीक होतात, हिला मात्र वरून पाणी येत राहतं. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवतात. 1927 पासून हे चालू आहे. जे पाणी मुळेतून भीमा-कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते वीज देऊन कुंडलिकेत येतं आणि अरबी समुद्राला मिळतं. याच धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांनी मुळशीच्या शेतकऱ्यांसह सत्याग्रह केला होता. आमची इतिहासाची बाई हे सगळं गाडीतच सांगून मोकळी झाली.

तिथल्या राखणदार मामांनी तेच त्यांच्या भाषेत सांगितलं. "ताई, आता खडक दिसतायत ना, ते सकाळी दिसणार नाहीत. वरून पाणी सोडलं की नदी चढते. दोरीच्या पुढं जायचं नाही."

असरला नेहमीची गंमत झाली. आमच्यात दोघी कोकणी, शाफई. बाकी आम्ही हनफी. त्यांची नमाज होऊन त्या शेंगा सोलायला बसल्या तरी आमची वेळ झाली नव्हती. रात्री मामांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे आणि आम्ही घरून आणलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती गवत पेटवलं. शेकोटीच्या उजेडात कोकणी मैत्रीण सहज म्हणाली, "आठवतं, दुल्हेभाई एकदा पावसात भिजत..." आणि मी पटकन विचारलं, "चहा कोणाला हवाय?" ती गप्प झाली. मला वाटलं, वेळेवर सावरलं.

फजरच्या आधी जाग आली तर शेजारचं अंथरूण रिकामं.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहायलाही नको वाटतं. टॉर्च घेऊन धावले. ती दोरीच्या पलीकडे एका खडकावर बसलेली होती. खडक आणि काठ यांच्या मध्ये रात्री नुसती वाळू होती, तिथून आता पाणी सरकत होतं. मी तिचं नाव घेऊन ओरडले, इतक्या जोराने की सगळे तंबू जागे झाले. ती उठली, सलवार धरून पाण्यातून चालत आली. गुडघ्याच्या खालीच होतं पाणी. पण ती काठावर पोहोचली आणि मी मागे टॉर्च टाकला, तेव्हा खडकाचं फक्त टोक उरलं होतं.

"वुजूला गेले होते. नंतर बसावंसं वाटलं," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "तुला काय वाटलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तिला ते कळलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती खाली बसली आणि रडू लागली. इतक्या महिन्यांत आमच्यासमोर पहिल्यांदा.

"दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "तुम्ही कुणी त्यांचं नाव माझ्यासमोर घेत नाही. विषय निघाला की कुणीतरी चहा विचारतं. घरीही तसंच. मुलंसुद्धा अब्बा म्हणताना माझ्याकडे बघून थांबतात. मी एकटीच मनात बोलत बसते."

आपा काही न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी तिची माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

नमाज झाली. आम्ही मरहूमसाठी दुआ केली, या वेळी मोठ्याने, नाव घेऊन. उजाडल्यावर काठावर बसलो. नदी भरून वाहत होती. थोड्या वेळाने लाल शिरस्त्राणं घातलेली पोरं राफ्टमधून ओरडत गेली, आम्ही हात हलवले.

"हां, पावसात भिजत काय?" तिने कोकणी मैत्रिणीला विचारलं.

मग तो किस्सा निघाला. परीक्षेच्या दिवशी ती हॉल तिकीट घरी विसरली होती. दुल्हेभाई स्कूटर बंद पडली म्हणून ती ढकलत, चिंब होऊन कॉलेजच्या फाटकाशी आले. प्लास्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट कोरडं, आणि त्याच पिशवीत दोन समोसे.

"तीन होते," ती म्हणाली. "एक वाटेत खाल्ला त्यांनी. मला नंतर सांगितलं."

मामा गाडी आल्याचं सांगायला दोनदा येऊन गेले.