बेत र्युक्यूचा

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुजीचा बर्फाळ माथा, एप्रिलमधला चेरीचा बहर आणि घड्याळाच्या काट्यावर धावणारी आगगाडी उभी राहते. र्युक्यू बेटांत यांपैकी फुजी नाही, आगगाडी म्हणाल तर नाहा शहरात २००३ साली सुरू झालेली एकरुळी गाडी तेवढी आहे, आणि चेरी फुलते ती जानेवारीत! क्यूशूच्या दक्षिणेपासून थेट तैवानपर्यंत, हजारभर किलोमीटर समुद्रात, माळ तुटून मणी सांडावेत तशी ही बेटे सांडली आहेत. त्यांतली दक्षिणेकडची ओकिनावा प्रांतात मोडतात. नाहा हे तिथले मुख्य शहर, साधारण आपल्या गुवाहाटीच्या अक्षांशावर. म्हणजे जास्वंद, ऊस, अननस, पपई आणि घाम. कोकणातल्या माणसाला परके वाटू नये असा हा जपान आहे.

गेले दोन महिने आमच्या घरी याच बेटांचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे. अशा सहलीचा बेत आखताना पहिला प्रश्न पैशाचा नव्हे, वाऱ्यापावसाचा असतो. आपली हक्काची मे महिन्याची सुट्टी तिथे उपयोगाची नाही; मेच्या पूर्वार्धात तिकडे पावसाळा बसतो तो जूनअखेर उठतो. पुढे जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस. वादळ आले की विमाने आणि होड्या बंद. दोन दिवस खोलीत पत्ते खेळत बसावे लागते. राहिले मार्च-एप्रिल, नाहीतर आपली दिवाळीची सुट्टी. ऑक्टोबरअखेर वादळांचा जोर ओसरतो आणि समुद्र अजून कोमट असतो. तरीही शहाण्या माणसाने एक दिवस कोरा ठेवावा.

मुंबईहून नाहाला सरळ विमान नाही. तैपेई, हाँगकाँग किंवा तोक्यो असे कुठेतरी उतरून पुढे जावे लागते. तैपेईहून दीड तासाचा प्रवास. व्हिसा आधी काढावा लागतो. मोटार भाड्याने घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना हवा. गाड्या डावीकडून चालतात हे आपल्या सोयीचे, पण ही सोय तशी अलीकडची. १९४५ पासून १५ मे १९७२ पर्यंत हा प्रांत अमेरिकेच्या ताब्यात होता, त्यामुळे वाहतूक उजवीकडून चाले. ३० जुलै १९७८ रोजी सगळ्या प्रांताने एका रात्रीत बाजू बदलली! आमच्या चौकात साधा एकदिशा मार्ग जाहीर झाला तर महिनाभर भांडणे होतात.

जेवणाची चौकशी अर्थातच सौभाग्यवतींकडे. तिथे कारल्याचे कौतुक मोठे. टोफू आणि अंडे घालून परतलेले कारले घरोघरी होते, पण त्यात डुकराचे मांस हमखास असते. शुद्ध शाकाहाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : निरागस दिसणाऱ्या सारातही बहुधा सुक्या माशाचे पाणी असते. मात्र तिथला काळा गूळ आणि आपल्या गुलगुल्यांच्या जातीतले 'साता अंदागी' यांच्यावर मुलांचे सहज भागेल.

माझे लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकले आहे. १४२९ ते १८७९ हे एक स्वतंत्र राज्य होते. चीन, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया यांच्याशी व्यापार करून ते जगले. १४५८ साली त्यांनी ओतवलेली एक मोठी घंटा नाहाच्या संग्रहालयात आहे. आपले राज्य म्हणजे देशादेशांमधला पूल, अशा अर्थाचा लेख तिच्यावर कोरलेला आहे. 'ओमोरो सोशी' हा त्यांच्या प्राचीन गीतांचा संग्रह १५३१ ते १६२३ या काळात सिद्ध झाला. आपल्याकडे तो नाथांचा जमाना! पुढे जपानने राज्य खालसा केले आणि शाळांतून एक लाकडी पाटी आली. जो मुलगा घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात ती अडकवायची. तिच्यातून सुटायचे तर दुसऱ्या कुणाला तसे बोलताना पकडायचे! युनेस्कोने २००९ साली या माळेतल्या सहा भाषा धोक्यात असल्याची नोंद केली. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला त्या पाटीवरून नुसते पुढे सरकता येत नाही.

आणि मग १९४५. १ एप्रिलला अमेरिकन सैन्य उतरले आणि जूनअखेरपर्यंत हे बेट जळत राहिले. दर चार रहिवाशांपैकी सुमारे एक मेला. दक्षिण टोकाला माबुनी येथे १९९५ साली उभारलेल्या काळ्या शिळांवर दोन लाख चाळीस हजारांहून अधिक नावे आहेत. जपानी, अमेरिकन, कोरियन, तैवानी, सगळी. शत्रू वेगळा काढलेला नाही. शुरीचा राजवाडाही त्या लढाईत गेला, १९९२ साली पुन्हा उभा राहिला आणि ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे पुन्हा आगीत पडला. लोकांनी तो परत बांधायला घेतला.

मी माबुनीचे नाव काढताच सौ. म्हणाल्या, "आपण सहलीला चाललोय की श्राद्धाला?" प्रश्न बिनतोड होता. चार वर्षे पै पै साठवून मुलांना समुद्र दाखवायला न्यायचे आणि तिथे त्यांच्यापुढे मेलेल्यांची यादी धरायची?

तिढा सोडवला कन्येने. ती यंदा दहावीला आहे. जवळच 'हिमेयुरी' नावाचे संग्रहालय आहे, असे तिने कुठेतरी वाचले होते. दोन शाळांतल्या दोनशेवर विद्यार्थिनींना गुहांमधल्या लष्करी रुग्णालयांत शुश्रूषेला नेले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक परतल्या नाहीत. त्यांचीच ती जागा. "त्या माझ्याएवढ्या होत्या, आई," ती म्हणाली, "आपण आधी तिथेच जाऊ." यावर सौ. काही बोलल्या नाहीत. नकाशा स्वतःकडे ओढून त्यांनी पहिल्या दिवसापुढे माबुनी आणि हिमेयुरी ही नावे लिहिली.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडचे मत्स्यालय. तिथल्या अवाढव्य टाकीत व्हेल शार्क पोहतात. मग विमानाने चारशे किलोमीटरवरचे इशिगाकी. तिथून होडीने पाव तासावर ताकेतोमी : पांढऱ्या वाळूचे रस्ते, पोवळ्याच्या दगडांचे गडगे, लाल कौले आणि रेड्याची गाडी. इरिओमोते बेटावर खारफुटीतून नावेने हिंडता येईल. तिथले रानमांजर साऱ्या जगात तेवढ्या बेटावरच उरले आहे, शंभरेक असतील. ते आपल्याला दिसणार नाही हे चिरंजीवांना आताच सांगून ठेवले आहे.

त्याचा डोळा आता कोऱ्या ठेवलेल्या दिवसावर आहे. वादळ आले नाही तर योनागुनीला जायचे म्हणतो. ते जपानचे पश्चिम टोक. हवा अगदी स्वच्छ असली तर तिथून तैवानचे डोंगर दिसतात. सौ. अजून कबूल झालेल्या नाहीत. दुर्बीण मात्र माळ्यावरून खाली आली आहे.